कानामागचं दार

मित्रांनो, मी एक जुना नोकर आहे आणि माझी नोकरी एका म्हाताऱ्याच्या उजव्या कानामागे आहे. दुकानदार मला श्रवणयंत्र म्हणतात, मालक ‘मशीन’ म्हणतात आणि मालकीणबाई ‘तुमचं ते’ म्हणतात. आकारानं मी भिजवलेल्या शेंगदाण्याएवढा. नवा होतो तेव्हा रंग गोरा होता. आता चहाच्या कपाला आतून डाग चढतो तसा झालाय. एवढ्याशा जिवाची गोष्ट ती केवढी असणार? पण एका लांबच्या विमानप्रवासापासून मला माझ्या नोकरीची लाज वाटते, आणि लाज पोटात ठेवून काम नीट होत नाही.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. टोप्या घातलेल्या बायका भिंगाखाली वाकून केसासारख्या तारा जोडत होत्या. तिथे कोणी मोठ्यानं बोलत नसे. शिंक आली तरी उठून बाहेर जावं लागे. जोडून झाल्यावर त्यांनी मला एका पेटीत बंद केलं आणि वेगवेगळे आवाज ऐकवले, बारीक शिट्टीपासून जाड घरघरीपर्यंत. मी सगळ्यांत पास झालो. मला वाटलं, आपला जन्म ऐकण्यासाठीच आहे. ऐकणं बंद करायची सोयही माझ्यातच करून ठेवली आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

ती सोय म्हणजे माझ्या पोटाशी असलेलं एक चिमुकलं दार. त्यात गोळीसारखी बॅटरी बसते. दार मिटलं की मी जागा. दार नखानं किंचित उघडलं की मी झोपलो, आणि झोपलो म्हणजे ठार. त्या वेळात कोण काय बोललं याचा मला पत्ता नसतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ या दाराचाच आहे.

मालक छापखान्यात मशीनमन होते. एका अवाढव्य छपाईयंत्राशेजारी उभं राहून त्यांनी सगळी नोकरी काढली. त्या खडखडाटानं त्यांचा डावा कान पुरता नेला आणि उजवा अर्धा. निवृत्त झाले तेव्हा छापखान्यानं त्यांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, आणि त्याची टिकटिक काही त्यांना ऐकू येईना. बाई शाळेत शिवण शिकवायच्या. वर्गात चाळीस मुली आणि तितकीच यंत्रं, त्यामुळे त्यांचा आवाज मुळातच खणखणीत. घरी नवऱ्यापायी तो आणखी वर चढला. त्या मिठाचा डबा मागत, तेव्हा शेजारच्यांना वाटे भांडण लागलंय.

कानाच्या दुकानातल्या मुलीनं मालकांच्या कानात गुलाबी लगदा भरून साचा काढला आणि मला नळीनं त्या साच्याला जोडलं. तिनं माझं दार मिटलं, आणि बाई नेहमीच्या सवयीनं गरजल्या, “अहो, येतंय का ऐकू?”

“ओरडतेस कशाला?” मालक दचकून म्हणाले.

दुकानातले सगळे हसले. बाई मात्र रडायला लागल्या. त्या दिवसापासून त्यांचा आवाज खाली आला. किती मऊ आवाज होता तो! इतक्या वर्षांत तो मालकांनाही माहीत नव्हता.

पहिली वर्षं माझ्या मानाची होती. मालक नळाचं ठिबकणं ऐकून उठायचे आणि नळ घट्ट करायचे. फ्रिज गुणगुणतो याचं त्यांना कोण कौतुक! बाईंच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की ते आधीच दार उघडून उभे राहायचे. संध्याकाळी मऊ ब्रशानं मला पुसून डबीत ठेवायचे. बाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, “आमच्या घरी आता दोघं राहतो. आधी मी एकटीच राहत होते.”

पण मित्रांनो, सुखही अंगवळणी पडतं. एका दुपारी बाई उशांच्या अभ्र्यांची हकीकत सांगत होत्या. कापड कुठून आणलं, ते कसं आटलं, दुकानदार काय म्हणाला, मग त्या काय म्हणाल्या. मालकांनी कान खाजवला, आणि नखानं माझं दार चुकून उघडलं. एकदम शांतता झाली असणार. दार मिटलं तेव्हा हकीकत संपली होती, बाई खुशीत होत्या आणि मालकांचं काहीही बिघडलं नव्हतं.

मग त्यांना चटकच लागली. हकीकत लांबतेय असं दिसलं की कान खाजवायचा. त्यांनी तीन वाक्यं तयार ठेवली होती. ‘हो ना’, ‘बघ की’ आणि ‘तुला योग्य वाटेल तसं कर’. ही तीन वाक्यं जगातल्या कुठल्याही बोलण्याला बसतात, पाहिजे तर करून पाहा. नको, पाहू नका. लोक एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून देतात. आमचे मालक त्याच्याही पुढे गेले, ते आत घेतच नव्हते. आणि मी? मी हुकमाचा ताबेदार, असं मी स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे मलाही ती दुपारची डुलकी आवडायला लागली होती.

बाईंची धाकटी बहीण परदेशात राहायची. आई लवकर गेल्यामुळे बाईंनीच तिला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. बाईंना मूलबाळ झालं नाही, तेव्हा मूल म्हणा, बहीण म्हणा, ती एकच. ती बरेच महिने आजारी होती, एवढं मालकांना ठाऊक होतं. जाऊन भेटून यायचं ठरलं. निघण्याआधी बाई काही वेळा दवाखान्यात जाऊन रक्त देऊन आल्या. “एवढ्या लांब जायचं तर तपासून घेतलेलं बरं,” त्या म्हणाल्या. मालक म्हणाले, “हो ना.”

विमानतळावर मालकांनी पट्टा, घड्याळ, किल्ल्या असं सगळं तपासणीच्या ट्रेमध्ये काढून ठेवलं. मलाही काढायला निघाले, तेव्हा बाईंनी हात धरला. “अहो, ते राहू द्या. ती माणसं काय विचारतील ते कळायचं कसं तुम्हाला?” सगळ्या वाटेवर त्यांचा असा मला आधार होता, आणि मालकांना त्यांचा.

विमानात खिडकीशी बाई बसल्या, म्हणजे मालकांच्या उजवीकडे, माझ्या बाजूला. त्या नेहमीच उजवीकडे बसतात. मालक मधे. डावीकडे एक जाडजूड गृहस्थ होते. त्यांनी डोळ्यांवर पट्टी ओढली आणि विमान हलायच्या आत ते घोरायला लागले. दर वेळी मोरीला जायचं म्हणजे त्यांच्या मांडीवरून चढून जाण्याचा प्रसंग. मालक पुढे, बाई मागे, आणि दोघंही “माफ करा, माफ करा” म्हणत. गृहस्थ काही जागे झाले नाहीत.

बसून बसून मालकांचे पाय इतके सुजले की बूट चढेनात. बाईंनी त्यांचे मोजे सैल केले. लोण्याच्या पुड्या त्यांना उघडत नव्हत्या, त्या बाईंनी उघडून दिल्या. बाईंचा पट्टा अडकला, तो मालकांनी सोडवला. समोरच्या पडद्यावर नकाशा होता आणि त्यावर चिमुकलं विमान भिंतीवरच्या मुंगीसारखं सरकत होतं. मालक दर थोड्या वेळानं बघत आणि म्हणत, “अजून समुद्रच.” बाहेर लख्ख दुपार होती, पण खिडक्यांच्या झापडी पाडून सगळ्यांना झोपायला लावलं होतं.

आणि सगळ्याच्या वर इंजिनाची घरघर. मित्रांनो, मी गुणाचा असलो तरी शहाणा नाही. बाईंचा आवाज मोठा करायला गेलो की इंजिनाचाही मोठा होतो. ज्या खडखडाटानं मालकांचे कान नेले, तसाच खडखडाट मी त्यांच्या डोक्यात ओतत होतो. त्यांचं डोकं ठणकत होतं. तेव्हा त्यांनी “मला आत्ता त्रास होतोय, जरा बंद करतो” असं म्हटलं असतं तर कोणी काही म्हणालं नसतं. बाईंनीच त्यांच्या कपाळाला बाम चोळला असता.

नेमक्या त्याच वेळी बाई म्हणाल्या, “अहो, मला तुमच्याशी एक बोलायचंय. महत्त्वाचं आहे.”

आता बाईंचं महत्त्वाचं म्हणजे पडद्यांचा रंगही असू शके. “बोल की,” मालक म्हणाले.

“धाकटीबद्दल आहे. किती दिवस मनात घोळतंय, घरी काही धीर झाला नाही. इथे तुम्हाला उठून जाता येणार नाही, म्हटलं इथेच बोलावं.”

त्या हसल्या. मालकही हसले. मग त्यांनी कान खाजवला.

झालं. त्यानंतरचं मला काहीही माहीत नाही.

दार पुन्हा मिटलं तेव्हा जेवणाची गाडी जवळ आली होती. मला पहिला आवाज आला तो बाईंनी नाक ओढल्याचा. मालकांचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरला होता.

“मला वाटलं होतं, तुम्ही आकाशपाताळ एक कराल,” त्या म्हणत होत्या. “आणि तुम्ही काय म्हणालात? तुला योग्य वाटेल तसं कर. इतकं सगळं ऐकून घेतलंत आणि मधे एक शब्द बोलला नाहीत. मी उगाच घाबरत होते.”

“त्यात काय!” मालक म्हणाले.

त्यांनी जेवणाला हात लावला नाही. थोड्या वेळानं त्यांनी आडून विचारलं, “मग... कसं करायचं म्हणतेस?”

“ठरलं तसंच. आता पुन्हा नका ना विचारू. परत परत बोललं की माझा धीर सुटतो.” असं म्हणून त्यांनी मालकांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि त्या झोपी गेल्या. निघाल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मालकांना मोरीला जायचं होतं, पण ते हलले नाहीत. बाईंचा श्वास माझ्यापासून बोटभर अंतरावर चालला होता. इतक्या विश्वासानं झोपलेल्या माणसाचा श्वास ऐकणं फार अवघड असतं, मित्रांनो. आम्ही दोघं चोरासारखे बसून होतो.

मधल्या विमानतळावर दुसऱ्या विमानासाठी बराच वेळ थांबायचं होतं. काचेच्या लांबलचक दालनात बाकं होती, पण प्रत्येक जागेला हात असल्यामुळे आडवं होता येत नव्हतं. बाईंनी धाकटीला फोनवरून निरोप पाठवला आणि त्या उगाचच मालकांकडे बघून हसल्या. मालकांनी पुन्हा खडा टाकून पाहिला. “किती दिवस लागतील गं?”

“दीड-दोन महिने तरी राहावं लागेल म्हणालेत.”

मालकांचा जीव भांड्यात पडला. बहिणीजवळ राहायचंय हिला, एवढंच ना? पण मग रडली कशाला? त्या बाकावर ते दोनदा म्हणाले, “अगं, ऐक ना,” आणि बाईंनी वळून पाहिल्यावर दोन्ही वेळा म्हणाले, “काही नाही.” खरं सांगायचं तर बाईंचा चेहरा इतका हलका झाला होता, की तो विस्कटायची त्यांची छाती होईना. त्यांना स्वतःची लाजही वाचवायची होती. दोन्ही खरं आहे.

दुसऱ्या विमानात त्यांनी माझं दार एकदाही उघडलं नाही. डोकं ठणकत होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी ते उजवीकडे कान करून बसले. चुकूनमाकून बाई पुन्हा काही बोलतील, ही आशा. बाई बोलल्या ते एवढंच, की ढग खालून दिसतात त्यापेक्षा वरून घाणेरडे दिसतात.

धाकटी विमानतळावर आली होती. तिचा चेहरा सुजला होता आणि हातावर सुयांच्या खुणा होत्या. बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मग ती मालकांसमोर आली. “भाऊजी, तुम्ही हो म्हणालात. ताईचा निरोप वाचून माझा विश्वासच बसेना.” मालकांनी नंदीबैलासारखी मान हलवली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना आता अंदाज यायला लागला होता.

खरं काय ते इस्पितळात कळलं. डॉक्टर एक शांत स्त्री होत्या. त्यांनी मालक आणि बाईंना समोर बसवलं आणि मालकांकडे पाहून सावकाश बोलल्या. “तुमच्या पत्नी बहिणीला आपलं एक मूत्रपिंड देणार आहेत. तपासण्या जुळल्यात. पण त्यांचं वय पाहता धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. तुमच्याशी हे सगळं बोलणं झालंय ना?”

“विमानात सगळं बोललोय आम्ही,” बाई म्हणाल्या. “ह्यांनी एका शब्दानं अडवलं नाही मला.”

“मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय,” डॉक्टर म्हणाल्या.

हो म्हणणं किती सोपं होतं! बाईंचा आनंद टिकला असता आणि मालकांची अब्रूही. मालकांचा हात कानाकडे आला. मला वाटलं, आता हे मला झोपवणार आणि ‘हो ना’ म्हणणार. पण त्यांनी मला कानातून काढलं आणि टेबलावर, सगळ्यांसमोर ठेवलं.

“हे बघ,” ते बाईंना म्हणाले. “हे दार असं उघडलं की मला काही ऐकू येत नाही. विमानात तू बोलायला लागलीस, आणि मी...”

त्यांनी दार उघडून दाखवलं. म्हणून पुढे त्यांनी कोणत्या शब्दांत सांगितलं, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. सांगून झाल्यावर त्यांनी दार मिटून मला परत कानात बसवलं.

मग बाईंनी विचारलं, “म्हणजे मी बोलत होते कोणाशी?”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी खरोखरच विचारलं होतं. मला ओरडून म्हणावंसं वाटलं, निदान माझ्याशी बोललात असं समजा. पण तेही खोटंच. मीही तिथे नव्हतो.

डॉक्टरांनी त्यांना हवा तेवढा वेळ घ्या म्हणून सांगितलं. दोघं बाहेर बाकावर येऊन बसले. शेजारी चहाकॉफीचं यंत्र गुरगुरत होतं. बाई, ज्या अभ्र्यांवर अर्धी दुपार बोलू शकत, त्या गप्प होत्या. ती शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.

“पुन्हा सांग ना गं,” मालक म्हणाले. “या वेळी ऐकतो. अक्षर न् अक्षर ऐकतो.”

“नाही यायचं आता.”

“अगं, पण...”

“ते एकदाच यायचं होतं तोंडातून. आई गेली तेव्हा ती माझ्या कुशीत कशी झोपायची, ते सांगितलं. आपल्याला मूल नाही त्याचं मला काय वाटतं, ते आयुष्यात पहिल्यांदा सांगितलं. मला ऑपरेशनची किती भीती वाटते ते सांगितलं. आणि तुम्ही म्हणालात, बघ की.” त्यांनी पदरानं डोळे पुसले नाहीत, नुसत्या समोर बघत राहिल्या. “तुम्हाला विचारायचं म्हणून एवढं सगळं बोलले होते. आता विचारत नाही, सांगतेय. मी देणार आहे.”

मालकांकडे आता काही तयार नव्हतं. त्यांची तिन्ही वाक्यं संपली होती.

“दे,” ते शेवटी म्हणाले. “पण मलाही भीती वाटते. तुला काही झालं तर मी घरी जाऊन कोणाचं बोलणं बंद करू?”

या बोलण्याला कोणी हसलं नाही. पण बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग मालक बोलत राहिले, वाटलं ते सगळं, अडखळत. बाई ऐकत होत्या. त्यांनी मधे ‘हो ना’ म्हटलं नाही की ‘बघ की’ म्हटलं नाही. ऐकणं म्हणजे काय ते मी त्या बाकावर पाहिलं, आणि मला माझ्या पांढऱ्याशुभ्र खोलीतल्या परीक्षेची लाज वाटली.

ऑपरेशन नीट पार पडलं. दोघी बहिणी शेजारच्या खाटांवरून एकमेकींना हात दाखवत. धाकटीच्या चेहऱ्यावरची सूज उतरली, बाई हळूहळू चालायला लागल्या. दोन महिन्यांनी आम्ही परत निघालो. परतीच्या विमानातही बाई खिडकीशी होत्या आणि मालक त्यांच्या डावीकडे. माझं दार घट्ट मिटलेलं होतं. मी सगळा वेळ जागा होतो, आणि ऐकायला इंजिनाशिवाय काही नव्हतं.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो. माझी नळी कडक झालीय आणि कधी कधी मी उगाच खरखरतो. तुमच्या घरी कोणाच्या कानामागे माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला पाण्यात भिजू देऊ नका, त्याचा मळ पुसा, रात्री त्याला डबीत ठेवा. हे दुकानदारही सांगेल. मी विनवणी करतो ती वेगळी आहे. ऐकायचं नसेल तर तसं सांगा. “आत्ता नको, मला त्रास होतोय” एवढं म्हटलं तर समोरचं माणूस थांबेल, रुसेल, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलेल. पण खोटी मान हलवू नका. तुमच्याकडे तर दारही नाही, तुम्ही नुसत्या डोळ्यांनी ते बंद करता, आणि समोरच्याला कळतही नाही.

आमच्या घरी आता पुन्हा बोलणं होतं. अभ्र्यांचं, भाजीचं, शेजाऱ्यांचं. बाईंनी मालकांना माफ केलं असावं, कारण त्या अजून त्यांच्या उजवीकडेच बसतात. फक्त कधी काही मनातलं बोलायचं असलं की त्या आधी हात पुढे करतात आणि मालकांच्या कानामागे बोट फिरवतात. बघणाऱ्याला वाटतं, काय प्रेम आहे, या वयातही नवऱ्याचे केस सारखे करतेय. मालक मान खाली घालून बसून राहतात. बाईंचं बोट माझ्या दारावर थांबतं, ते मिटलंय ना हे चाचपून बघतं, आणि मगच त्या बोलायला सुरुवात करतात.